चित्रकाराचं नाव शेवटच्या ओळीत का?

मराठीत एखाद्या ग्राफिक नॉव्हेलवर, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या मोठ्या गोष्टीवर, काही लिहून आलं की मी ते अधाशासारखं वाचायला घेते आणि बहुतेक वेळा तिसऱ्या परिच्छेदापर्यंत चिडलेली असते. कथानक सांगून झालेलं असतं, विषय किती महत्त्वाचा आहे ते सांगून झालेलं असतं, लेखकाच्या आधीच्या पुस्तकांची उजळणीही झालेली असते. मग अगदी शेवटी, आभारप्रदर्शनात मांडववाल्याचं नाव घ्यावं तसं एक वाक्य येतं: 'चित्रंही समर्पक आहेत.' समर्पक म्हणजे नेमकं काय? कुठलं पान? कुठली रेष? अर्धीअधिक गोष्ट जिथे चित्रच सांगतं, तिथे चित्रकाराची एका विशेषणावर बोळवण करायची, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

गोव्यात राहून हे जास्तच लागतं, कारण चित्रातून गोष्ट वाचणं आपल्याला नवीन नाही. बांदिवड्याला नागेशीच्या सभामंडपात मान वर करून लाकडात कोरलेलं रामायण बघत उभी राहिलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ सालच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग ओळीने मांडले आहेत. आणि पत्रादेवी ओलांडून पुढे गेलं की कुडाळजवळ पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी अभिमानाने पोस्ट टाकल्या होत्या. पण त्या कलेची रचना किती जणांनी नीट पाहिली? सुटी चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक चित्र समोर धरायचं, गाऊन प्रसंग रंगवायचा, पान उलटायचं. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना मधे जे काही घडतं ते कथेकरी आपल्या आवाजाने भरून काढतो.

छापील चित्रकथेत हे मधलं काम वाचकावर येतं. दोन चौकटींमधली ती पांढरी पट्टी दिसायला रिकामी असते, पण बरंच काही तिथेच घडतं. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली कॉमिक्सची भाषा उलगडणारं एक पुस्तक केलं, तेही पूर्ण कॉमिक्सच्या रूपात. त्यात एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड आहे आणि पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर उमटलेली किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो आपण घातला, आपल्या मनात, आपल्याला हवा तिथे आणि हवा तितक्या जोराने. हे एकदा कळलं की 'कॉमिक्स वाचायला डोकं लागत नाही' असं कुणी म्हणालं तर मला ते ऐकून घेता येत नाही.

नाझींच्या ज्यू-संहारावरच्या आर्ट स्पीगलमनच्या 'माउस' या ग्राफिक नॉव्हेलला १९९२ साली विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यावर बोलताना ज्यू म्हणजे उंदीर आणि जर्मन म्हणजे मांजरं, एवढं सगळेच सांगतात. मला त्यातली एक चौकट सोडत नाही. लपायला जागा उरलेली नाही असं एक जोडपं रस्त्याने चाललंय. मजकुरात एवढंच आहे की जायला ठिकाण नव्हतं, म्हणून अमुक गावाच्या दिशेने चालू लागलो. पण चित्रात त्यांच्या पुढ्यातले रस्ते नाझी स्वस्तिकाच्या आकारात वळलेले आहेत. कुठल्याही दिशेने गेलं तरी ते त्याच चिन्हाच्या आत आहेत. मजकूर याबद्दल अवाक्षर काढत नाही. फक्त कथानक सांगणारं परीक्षण लिहिलं तर ही चौकट त्यात येणारच नाही, आणि माझ्या मते त्या पानाचा सगळा अर्थ तिथेच आहे.

आता जरा जवळच्या पुस्तकाबद्दल. 'भीमायन' हे बाबासाहेब आंबेडकरांवरचं ग्राफिक नॉव्हेल २०११ साली इंग्रजीत आलं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी कलावंतांची चित्रं, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी त्याच्या मुळाशी आहेत. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली मुलं, मसूर स्टेशन, जात कळल्यावर मागे सरलेले गाडीवाले, दुप्पट भाडं देऊन स्वतः हाकावी लागलेली बैलगाडी, आणि रात्रभर पाणी नाही. प्रसंग आपल्याला शाळेपासून माहीत आहे. म्हणूनच मी म्हणते, या पुस्तकाचं मोठेपण प्रसंगात शोधू नका, पानाच्या रचनेत शोधा.

व्याम दांपत्याने चौकटी नाकारल्या. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही ही त्यांची भूमिका पुस्तकातच नोंदवलेली आहे. चौकटीच्या जागी गोंड घरांच्या भिंती-अंगणांवर काढतात त्या दिग्ण्याच्या नक्षीने पान विभागलंय, मोकळं, वळणावळणाचं. पाणवठ्यापासून, गाडीपासून, भाड्याच्या खोलीपासून हटकलं गेलेल्या माणसाची गोष्ट सांगताना पानावरही कुंपण घालायचं नाही, हा निर्णय मला फार मोठा वाटतो. आणि ते संवादाचे फुगे! प्रेमाने बोलणाऱ्याचा किंवा सोसणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. दोन-चार पानं झाली की शब्द वाचायच्या आधीच नांगी दिसते आणि अंग आक्रसतं. ज्याने आयुष्यभर असं बोलणं ऐकलंय, त्याला वाक्य पूर्ण होण्याआधीच ते कळत असणार. चित्रांनी आपल्याला क्षणभर त्याच्या जागी नेऊन उभं केलं.

कौतुक करते म्हणून दोष झाकणार नाही. पुस्तक आजच्या काळातल्या बसस्टॉपवरच्या एका संभाषणात गुंफलं आहे. आरक्षणावर कुरकुरणारा तरुण आणि त्याला बाबासाहेबांची गोष्ट सांगणारी स्त्री. तिथे आलं की लिहिलेलं फार होतं. चित्राने आधीच सांगितलेलं शब्द पुन्हा समजावत बसतात. दुर्गाबाई आणि सुभाष यांच्या रेषेवर लेखकांनी आणखी विश्वास टाकायला हवा होता.

हीच खोड 'अमर चित्रकथे'त होती. मी त्या अंकांवर वाढले, माझं प्रेम आहे त्यांच्यावर. पण वरच्या पट्टीत 'राजा क्रोधित झाला' आणि खाली क्रोधित राजा, असं पानामागून पान. शिवाय गोरे देव आणि काळेकुट्ट राक्षस, ज्यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय आणि ते बरोबरच लिहिलंय. तरीही १९६७ साली मालिका सुरू करणाऱ्या अनंत पैंचं नाव जितकं घेतलं जातं, त्याच्या दशांशानेही राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या तिच्या चित्रकारांचं घेतलं जात नाही. कृष्ण डोळ्यांसमोर आणा म्हटलं की आपल्यातल्या कितीतरी जणांना जो दिसतो तो वाईरकरांनी रंगवलेला असतो. ही आपली मराठी माणसं. त्यांच्या रेषेवर मराठीत किती लेख आहेत, सांगा.

आणि गोव्यात चित्राबद्दल बोलायचं तर व्यंगचित्रकार मारियो मिरांडा टाळून कसं चालेल. लोटलीचे मारियो. आपण त्यांना कपावर, टाइलवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर घेतलंय आणि बघायचं सोडून दिलंय. त्यांचं बाजाराचं एखादं चित्र पाच मिनिटं घेऊन बसा. नजर कुठून आत शिरते ते बघा. बहुधा खालच्या कोपऱ्यातल्या कुत्र्यापासून किंवा टोपलीपासून. मग एक पाठ, एक छत्री, एक भांडण, वरच्या खिडकीतून डोकावणारी बाई. चौकट एकच, पण डोळा फिरत जातो तसा वेळ पुढे सरकतो. त्यांनी तरुणपणी ठेवलेल्या सचित्र डायऱ्या पुढे छापून आल्या, १९५१ सालची त्यातलीच. दिवसामागून दिवस, आजूबाजूची माणसं, त्यांच्या लकबी. 'ग्राफिक नॉव्हेल' हा शब्द अमेरिकन चित्रकार विल आइस्नरमुळे १९७८ नंतर रुळला. माझं स्पष्ट मत आहे की चित्रमय आत्मकथनाचा इतिहास लिहिताना या डायऱ्या अगदी पहिल्या प्रकरणात यायला हव्यात.

पण त्यांच्या व्यंगचित्रांतल्या मिस फोन्सेका आणि मिस निंबूपाणी यांच्याबद्दलही बोलायला हवं. ऑफिसातल्या साहेबाला, कारकुनाला, बंडलदास मंत्र्याला मारियोंनी स्वभाव दिला, प्रत्येकाची उभं राहायची तऱ्हा वेगळी. या दोघींना मात्र बांधा दिला. बाकीच्यांनी बघावं म्हणून त्या तिथे आहेत. हसायला येतं, रेष तर अप्रतिमच आहे, आणि एक बाई म्हणून मला ते खुपतं. गंमत म्हणजे याच हाताने बाजारातली मासे विकणारी बाई काढली की ती अख्ख्या पानाची मालकीण वाटते. म्हणजे येत नव्हतं असं मुळीच नाही. हे बोललं की इथे लोक दुखावतात. मला वाटतं, इतकं बारकाईने पाहून नाराजी सांगणं हाही मारियोंचा मानच आहे.

त्यांच्याच नावाच्या गोवा विद्यापीठातल्या अध्यासनावर चित्रकार ओरिजित सेन आले होते, आणि विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी म्हापशाच्या बाजाराचा चित्रांतून अभ्यास केला. हेच सेन १९९४ साली नर्मदेच्या धरणावर ग्राफिक नॉव्हेल करून बसले होते, भारतात असं फारसं कुणी करत नव्हतं तेव्हा. म्हादई नदीच्या पाण्यावर रोज तावातावाने बोलणाऱ्या आपल्या लोकांनी ते एकदा वाचावं. नदीचा जन्म सांगणारा गायक आणि धरणाची बातमी शोधणारा पत्रकार एकाच पुस्तकात कसे नांदतात ते बघावं.

आमच्या भागातल्या एका वाचनालयात 'भीमायन' मी रंगवायच्या पुस्तकांच्या कप्प्यात पाहिलं. विचारलं तर उत्तर आलं, 'चित्रांचं आहे ना, म्हणून मुलांकडे.' नाझी छळछावणीवरचं पुस्तक आलं असतं तर तेही तिथेच गेलं असतं. याला कपाट जबाबदार नाही, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांपासून दिवाळी अंकांपर्यंत आपण या पुस्तकांवर ज्या तऱ्हेने लिहितो ते जबाबदार आहे. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी व्यंगचित्राच्या रेषेवर मराठीत किती गंभीरपणे लिहून ठेवलंय! पायवाट तयार आहे, तिच्यावरून पुढे कुणी चालत नाही.

तर मंडळी, एक विनंती. घरात, माळ्यावर, ट्रंकेत मराठी 'इंद्रजाल' कॉमिक्स किंवा 'अमर चित्रकथा' असतील तर आतल्या पानावर चित्रकाराचं नाव छापलंय का बघा. असेल तर अंकाचं नाव, चित्रकाराचं नाव आणि तुम्हाला आवडलेल्या एका पानाचा फोटो कमेंटमध्ये टाका. ते पान का आवडलं तेही लिहा, फक्त 'समर्पक' हा शब्द न वापरता.