मुलांसोबतचे सण वेगळेच

चीनमध्ये स्वयंसेवक शिक्षकाने वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्षाचा सण, पाहिला की तिथले सण कळले, हे लेखातील विधान मला पटले नाही. वसंतोत्सवात शाळेला हिवाळी सुटी असते आणि मुले आपापल्या गावी जातात; त्यांच्या सोबतीने साजरे होतात ते २००८ पासून सार्वजनिक सुटी मिळालेले ड्रॅगन नौका आणि मध्य-शरद हे सण.

हुनान प्रांतात शिकवत असताना एका विद्यार्थिनीच्या आजींनी मला ड्रॅगन नौका सणाची झोंगझी, म्हणजे पानात बांधलेला तांदळाचा पदार्थ, बांधायला शेजारी बसवून घेतले. बांबूच्या पानाचा द्रोण वळायचा, त्यात भिजवलेला चिकट तांदूळ भरायचा आणि पान दुमडून दोऱ्याने घट्ट आवळायचे, यासाठी कोकणातल्या पातोळ्यांसारखेच हाताला वळण असावे लागते. हा सण ज्याच्या स्मरणार्थ मानतात त्या प्राचीन कवी छू युआनने ज्या मिलुओ नदीत प्राण दिले असे मानतात, ती याच प्रांतातली. तिथल्या मुलांनी इतक्या आत्मीयतेने सांगितलेल्या त्याच्या कथेचा लेखात उल्लेखही नसावा, याचे मनापासून वाईट वाटले.