जहाज, गाढव आणि माझ्या गाडीचा डावा दरवाजा

पार्किंगमध्ये कुणीतरी आपल्या गाडीला धडकलं, यात पोस्ट लिहिण्यासारखं काही नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. डावीकडच्या पुढच्या दरवाजाला ताटलीएवढा पोचा पडला आणि आईच्या मांडीवरची पिशवी खाली उपडी झाली, बस्स. लिहायला बसले ते तीन आठवड्यांनी आलेल्या पत्रामुळे. पत्र विमा कंपनीचं. माझ्याच विमा कंपनीचं, हे मुद्दाम सांगते, कारण आपली कंपनी आपल्या बाजूने भांडते असा माझा तोवर भाबडा समज होता.

त्या दोन पानी पत्रात कामाचं वाक्य एकच होतं: "दोन्ही वाहने गतिमान असल्याने, तसेच पुरेशा पुराव्याअभावी, अपघाताचा दोष उभय चालकांवर ५०-५० टक्के निश्चित करण्यात येत आहे."

झालं होतं ते असं. पार्किंगच्या आतल्या रस्त्याने मी बाहेर पडत होते. पुढून एक माणूस सामानाची ढकलगाडी घेऊन आडवा चालला होता, म्हणून थांबले. थांबले ते पांढऱ्या रेघेच्या फूट-दीड फूट पुढे. हे खरं आहे, लपवत नाही, आणि ते पुढे नडणारही आहे. तेवढ्यात डावीकडून एक गाडी जागेतून मागे निघाली. मी हॉर्न दाबला. ती येतच राहिली. धप्प.

उतरल्या उतरल्या माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? "सॉरी." आई आतूनच ओरडली, "तू कशाला सॉरी म्हणतेस? त्याला म्हणू दे की!" आईचं ऐकायला मी नेहमीसारखाच उशीर केला. समोरचे गृहस्थ सभ्य होते. नंबर दिले-घेतले, फोटो काढले, दहा मिनिटांत दोघंही आपापल्या वाटेला. नंतर कळलं की त्यांनी आपल्या जबाबात लिहिलंय, दोन्ही गाड्या चालू होत्या, आणि "सदर चालक महिलेने जागेवरच माफी मागितली". कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली यासाठी कायदाच केलाय: माफी मागितली म्हणजे चूक कबूल केली असं धरायचं नाही आणि त्यावरून विम्याचं संरक्षणही काढून घ्यायचं नाही. म्हणजे आपल्यासारखी सॉरीबहाद्दर माणसं जगात पुष्कळ असणार.

पत्र आल्यावर पहिले दोन दिवस मी नुसती धुमसत होते. तिसऱ्या दिवशी लांबलचक ईमेल लिहिला. त्यात "धक्कादायक" दोनदा होतं, "इतक्या वर्षांची ग्राहक" होतं आणि शेवटी न्यायालयात जाण्याची धमकीही होती. उत्तर आलं, आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. भावनांची! गाडी थांबलेली होती की नव्हती, याबद्दल अक्षर नाही. पण दोष माझाही होता. त्या अख्ख्या ईमेलमध्ये त्यांना उत्तर देता येईल असा मुद्दाच मी ठेवला नव्हता.

मग पुन्हा ते वाक्य काढून वाचलं आणि ट्यूब पेटली. "गतिमान असल्याने" आणि "पुराव्याअभावी" हे एकाच दमात कसं म्हणता येईल? माझी गाडी चालू होती हे सिद्ध झालं असेल, तर पुरावा आहे. पुरावा नसेल, तर ती चालू होती हे कुठून आलं? समोरच्याच्या जबाबातून. म्हणजे त्यांचं म्हणणं वस्तुस्थिती ठरलं आणि माझं म्हणणं पुराव्याअभावी बाद झालं. आई साक्षीदार होती, पण घरचा साक्षीदार म्हणजे साक्षीदार नव्हे. ते मला समजतंही. तिऱ्हाइताचा शब्द जड धरतात, आणि ढकलगाडीवाल्या माणसाचा फोन नंबर घ्यायचं मला सुचलं नाही.

लोक म्हणतील, एवढ्याशा पोच्यासाठी एवढं? पोच्याचा खर्च मी गिळला असता. पण दोषाची नोंद आपल्या नावावर चढते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सवलत, जातो, नूतनीकरणाला प्रीमियम वाढतो, आणि दुसऱ्या कंपनीकडे गेलात तरी अर्जावर प्रश्न असतोच: मागच्या काही वर्षांत अपघात झाला होता का, क्लेम घेतला होता का? तिथे "हो, पण" असं लिहायला जागा नसते.

आणि हा "निर्णय" म्हणजे तरी काय? न्यायालयाचा निकाल नव्हे. टेबलावर बसलेल्या कुणीतरी फाइल चाळून बनवलेलं मत. ते मत बहुतेक वेळा बरोबर असेलही. पण किरकोळ क्लेमच्या फाइलवर तासभर डोकं घालवण्यापेक्षा निम्मं-निम्मं करून ती बंद करणं स्वस्त पडतं, असं माझं आता ठाम मत झालंय. लबाडी आहे असं मी म्हणत नाही, कंटाळा आहे. ५०-५० हा आकडा दिसतो न्यायाचा, पण माझ्या फाइलवर तरी तो "आम्ही बघितलं नाही" याची सभ्य आवृत्ती होता.

तो खरोखर तसाच निघाला. दुसऱ्या पत्रात मी एकही विशेषण वापरलं नाही. एवढंच विचारलं की माझी गाडी चालू होती हे कशावरून ठरवलं, आणि ठरवताना कोणकोणते फोटो आणि व्हिडिओ पाहिले, त्याची यादी द्या. बारा दिवसांनी यादी आली. माझ्या डॅशकॅमचा, म्हणजे गाडीत लावलेल्या कॅमेऱ्याचा, व्हिडिओ त्यात नव्हताच! मी पाठवलेल्या लिंकची मुदत संपली होती. त्यातून घेतलेलं एक स्थिर चित्र तेवढं फाइलला होतं, आणि त्याखाली शेरा: "धडक दिसत नाही."

धडक दिसणार कशी? कॅमेरा समोर बघतो, गाडी आली डावीकडून. पण व्हिडिओत जे दिसतं ते धडकेपेक्षा कामाचं आहे, आणि हे माझ्याही दुसऱ्या आठवड्यात ध्यानात आलं. समोर पार्किंगचा एक खांब आहे. बॉनेटची कड त्या खांबाला जिथे छेदते, ती जागा धडकेआधीचे सलग नऊ सेकंद एक केसभरही हलत नाही. ढकलगाडीवाला डावीकडून उजवीकडे जातो, खांब जागेवर. माझा हॉर्न ऐकू येतो, खांब जागेवर. मग हिसका बसतो आणि अख्खं चित्र बाजूला सरकतं. चालत्या गाडीतून खांब असा ध्यानस्थ बसलेला दिसत नाही.

दरवाजानेही साक्ष दिली. पोचा गोल आहे, आत दबलेला, त्यात समोरच्या बंपरचा रंग. माझी गाडी पुढे जात असती तर त्या बंपरच्या कोपऱ्याने दरवाजावर मागच्या दिशेने लांब ओरखडा ओढला असता. तसा ओरखडा नाही. हे मला गॅरेजमधल्या माणसाने दाखवलं, हातातलं फडकं न ठेवता, अर्ध्या मिनिटात. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरच्या अहवालात दुरुस्तीचा खर्च पैशापर्यंत लिहिला होता. पोच्याच्या आकाराबद्दल एक शब्द नव्हता. त्याला विचारलं होतं किती लागतील, कसं लागलं हे विचारलंच नव्हतं.

हे सगळं पाठवलं. व्हिडिओ यावेळी पेनड्राइव्हवर दिला आणि पोच घेतली. आठवड्याने एका अधिकाऱ्याचा फोन आला. बाई समजूतदार होत्या, पण पवित्रा बदललेला. "ठीक आहे मॅडम, गाडी थांबलेली होती असं धरू. पण तुम्ही रेघेच्या पुढे थांबला होता. आणि हॉर्न दिला म्हणजे गाडी येताना तुम्हाला दिसली होती. मग टाळता आलं नसतं का?"

आता गाढव येतं.

१८४२ सालचा इंग्लंडमधला खटला आहे, कायद्याचे विद्यार्थी आजही शिकतात. डेव्हिस नावाच्या माणसाने आपलं गाढव पुढचे पाय बांधून रस्त्यात चरायला सोडलं होतं. मॅन नावाच्या माणसाची तीन घोड्यांची गाडी उतारावरून भरधाव आली आणि गाढव मेलं. गाडीवाल्याचा बचाव हा की गाढव तिथे असायलाच नको होतं. न्यायालयाने म्हटलं, नसेल असायला हवं. पण नीट हाकलं असतं तर तुम्हाला ते टाळता आलं असतं, आणि गाढवाचे तर पायच बांधलेले. भरपाई द्यावी लागली. टाळण्याची शेवटची संधी कुणाच्या हातात होती, हा प्रश्न त्या गाढवामुळे कायद्यात ठाण मांडून बसला. मी रात्री एक वाजता हे वाचत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा एका गाढवाशी इतकी जवळीक वाटली.

तर माझे पाय किती बांधलेले होते? हॉर्नपासून हिसक्यापर्यंत व्हिडिओत दोन सेकंद आहेत. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चालण्याच्या वेगाने मागे येणारी गाडी दोन सेकंदांत पावणेतीन मीटर येते. तेवढ्यात मी काय करायचं? पुढे माणूस. मागे जायचं तर रिव्हर्स टाकायचा, मागे कुणी नाही ना ते बघायचं, मग हलायचं. दोन सेकंदांत हे करणारीने मागच्याला ठोकलं असतं आणि तिथे दोष शंभर टक्के तिचाच निघाला असता. उलट त्या गृहस्थांना फक्त ब्रेकवर पाय ठेवायचा होता.

एक जहाजही आहे. डिसेंबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कजवळ 'मेरी ए. व्हेलन' नावाचं छोटं तेलवाहू जहाज रुतलं. लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्यावरचा दिवा बंद होता, ही चूक तटरक्षक दलाची. जहाज हाकारण्यातली चूक जहाजाची. न्यायालयाने मोजमाप केलं: जहाज ७५ टक्के, तटरक्षक दल २५ टक्के. आणि एवढं मोजून नुकसान वाटलं मात्र निम्मं-निम्मं! कारण समुद्री अपघातात दोघांचीही चूक निघाली की सरळ दोन वाटे, असा तिथे शंभराहून जास्त वर्षं चालत आलेला नियम होता. १९७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. चूक मोजता येत असेल तर वाटणी त्या प्रमाणात. दोन सारखे वाटे फक्त दोष खरोखर सारखा असेल तेव्हा, किंवा तो मापताच येत नसेल तेव्हा. न उघडलेला व्हिडिओ म्हणजे "मापता येत नाही" नव्हे, एवढंच वाक्य मी पत्रात घातलं. जहाज घातलं नाही. घालायचा मोह फार झाला होता.

एक गोष्ट हातची गेली ती सांगते, कुणाच्या उपयोगी पडली तर पडो. पार्किंगच्या सीसीटीव्हीत सगळं स्वच्छ दिसलं असणार. मी विचारायला गेले चौथ्या आठवड्यात. सुरक्षारक्षक म्हणाला, ताई, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, त्यावर नवीन चढतं. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज दिला असता तर त्यांनी ते बाजूला काढून ठेवलं असतं. युरोपात अपघाताच्या जागेवरच दोन्ही चालकांनी भरायचा एक सामाईक फॉर्म असतो. त्यात खुणा करायला १७ चौकटी: गाडी थांबलेली होती, गाडी मागे घेत होतो, वगैरे. खाली दोघांच्या सह्या. कबुली म्हणून नाही, नुसतं काय घडलं ते. तेव्हाच्या तेव्हा समोरच्या गृहस्थांनी "मागे घेत होतो" वर खूण केलीच असती, कारण त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते. जबाब लिहायला बसेपर्यंत मधे चार दिवस गेले, आणि चार दिवसांत आठवण मालकाच्या सोयीने वळते. माझीही वळली असेल. फोटो बघेपर्यंत मी रेघेच्या मागे थांबले होते असं शपथेवर सांगितलं असतं.

परवा सुधारित पत्र आलं. समोरच्या गृहस्थांचा दोष ८० टक्के, माझा २०. चूक झाली, व्हिडिओ बघायचा राहिला, असं काही नाही. "पुनर्विलोकनाअंती" एवढाच शब्द. माझ्या पॉलिसीच्या अटींप्रमाणे २० टक्क्यांनी नोंदीला धक्का लागत नाही, म्हणजे व्यवहारात मी जिंकले. आई म्हणते, पुरे आता, दरवाजा रंगवून घे.

पण ते वीस टक्के रेघेचे आहेत, आणि काल रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच चित्र फिरतंय. समजा मी दीड फूट मागे, रेघेच्या आत थांबले असते. तर त्यांचा बंपर दरवाजाऐवजी दीड फूट पुढे, चाकावरच्या पत्र्यावर आदळला असता. धडक तीच, वेग तोच, फक्त पोचा दुसरीकडे.

उत्तर द्यायची मुदत गुरुवारपर्यंत आहे. त्यानंतर कंपनीचा तक्रार निवारण कक्ष आणि मग विमा लोकपाल, तिथलाही फॉर्म उतरवून ठेवलाय. कुणी असे उरलेले वीस टक्के भांडून घालवलेत का? किती महिने लागले?