पाचशे रुपयांचं बाक आणि एक रविवार

महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. शेवटचा तर सख्ख्या मावशीनं पाठवला आणि खाली लिहिलं, "तू उगाच एवढा खर्च करतोस." मेसेज असा: "फर्निचरवर हजारो रुपये उडवू नका! कारखान्यांतून पॅलेट फुकट मिळतात. हातोडी, खिळे आणि एक रविवार, 500 रुपयांत रस्टिक बाक तयार. ओबडधोबड हीच स्टाइल, त्यामुळे चुका दिसतच नाहीत. वरून जळकं ऑइल मारा, वाळवी जन्मात लागणार नाही."

मावशीला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितो. इंदूरमध्ये गच्चीवर सुतारकाम करायला लागून मला सात वर्षं झाली. हौशी आहे, पण बोटं पुष्कळदा कापून घेतली आहेत. घरी स्वस्तात फर्निचर होतं, हे खरं. मेसेजमध्ये सांगितलंय तसं मात्र होत नाही.

आधी ते "फुकट". पॅलेट म्हणजे कारखान्यात मालाखाली असते ती घडवंचीसारखी लाकडी चौकट. पीथमपूरची कारखान्यांची वसाहत इंदूरला जवळ, म्हणून वाटतं की तिथल्या फाटकाबाहेर ढीग पडलेले असतील. पण कारखाने पॅलेट पुन्हापुन्हा वापरतात आणि मोडकी झाली की भंगारात एकगठ्ठा विकतात. रस्त्याकडेला फुकट दिसतं ते कबाड्यानंही नाकारलेलं असतं. माझ्या मागच्या बाकाचा हिशेब सांगतो. तीन पॅलेट 600, लोडिंग ऑटो 350, स्क्रू 180, फेविकॉल 150, पॉलिश पेपर 100, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन 320. झाले 1700. ड्रिल शेजारच्या काकांचं, म्हणून ते धरलेलं नाही. दुकानातल्या बाकापेक्षा हे स्वस्तच पडलं, पण पाचशे नव्हे.

पॅलेट घेताना किंमत मागाहून विचारा, आधी ते उलटंपालटं करून बघा. परदेशी माल आलेल्या पॅलेटवर डागून उमटवलेला शिक्का असतो: गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाची अक्षरं आणि पुढे एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड तापवलेलं, गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. मी एमबी घरात आणत नाही. देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटवर बहुधा शिक्काच नसतो, तिथे नाक आणि डोळे वापरायचे. तेलकट किंवा रंगीत डाग असेल, उग्र वास असेल तर सोडून द्यायचं. त्यावर कुठलं पिंप सांडलं होतं, हे कबाड्याला माहीत नसतं. आणि एचटीचा शिक्का म्हणजे वाळवीपासून संरक्षण नव्हे. तेव्हा आत असलेले किडे मेले, एवढाच त्याचा अर्थ. उद्या येणाऱ्यांना दार उघडंच आहे.

"हातोडी आणि खिळे" यावर मी मनापासून हसलो. पॅलेटचे खिळे बहुतेक वेळा पिळाचे असतात, सुटू नयेत म्हणूनच तसे केलेले. खालून हातोडी मारली की खिळा जागचा हलत नाही, फळी मात्र टोकाला उभी चिरते. मग माणूस शहाणपणा करून खिळ्यांच्या बाजूनं करवत चालवतो. मीही केला होता. मीटरभर फळीखाली तीन आडवे ठोकळे, म्हणजे कापल्यावर हाती येतात अर्ध्या मीटरपेक्षाही आखूड दोन तुकडे. त्यात तीन फुटी बाक कसं बसवणार? आता मी फळी आणि ठोकळा यांच्यात पाचर ठोकून बोटभर फट पाडतो आणि त्या फटीत हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं घालून खिळाच कापतो. फळी पूर्ण लांबीची मिळते. खिळ्याची टोपी आत राहते आणि भोवतीचा काळा गंजका डाग छानच दिसतो. फक्त त्यावरून रंधा मारायचा नाही. पात्याला पडलेला दाता घासून काढायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

आता "चुका दिसत नाहीत". मेसेजमधलं सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक वाक्य हेच. कडा वाकड्यातिकड्या, रंग असमान, गाठी उघड्या, हे सगळं खपतं. सांधा खपत नाही. माझं पहिलं बाक दिसायला सुरेख होतं. दिवाळीला आत्या त्यावर बसली, बाजूचा फराळाचा डबा घ्यायला कलली आणि बाकही तिच्याबरोबर कललं. आत्या वाचली, चकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीतले मिस्त्री आले. त्यांनी एक बोट लावून बाक हलवलं आणि विचारलं, "भिया, इसमें तिरछा कहाँ है?"

खरंच नव्हतं. चार काड्यांची चौकोनी चौकट कोपऱ्यात खिळ्यांनी जोडली की ती पतंगाच्या आकारात कलंडू शकते. तिरपी एक पट्टी मारली की त्रिकोण होतो आणि त्रिकोणाला कलायला जागा उरत नाही. शिवाय मी पायांच्या वरच्या कापलेल्या टोकात खिळे ठोकले होते. लाकडाच्या रेषा तिथे उभ्या असतात, त्यामुळे खिळा रेषांच्या मधून जातो आणि ओढला की सुळकन बाहेर येतो. रेषांना आडवा गेलेला खिळा किंवा स्क्रू धरून राहतो. मिस्त्रींनी दोन तिरप्या पट्ट्या आणि आठ स्क्रू लावले, चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. ते बाक अजून गच्चीवर आहे. आत्या त्यावर बसत नाही, तो भाग वेगळा.

दुसरी न दिसणारी चूक आठ-नऊ महिन्यांनी दिसते. ऑगस्टच्या दमट हवेत मी सहा फळ्या एकमेकींना चिकटवून टेबलाचा माथा केला आणि खालून दोन आडव्या पट्ट्यांवर घट्ट स्क्रू केला. मे महिन्यात इंदूरच्या कोरड्या हवेनं लाकूड आक्रसलं. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, पण दोन फूट रुंदीत अर्ध्या इंचाच्या आसपास सहज जातं. स्क्रूंनी माथ्याला हलू दिलं नाही, म्हणून मधली फळी टरकन फाटली. आता आडव्या पट्टीतलं भोक मी लांबट करतो, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते. बाकाच्या फळ्यांमध्ये तर उघड फट ठेवतो. रस्टिक म्हणायचं ते याला म्हणा.

जळक्या ऑइलबद्दल मात्र चेष्टा नाही. गाडीच्या इंजिनातून काढलेल्या तेलात धातूंचे कण आणि कर्करोगाशी जोडलेली संयुगं असतात. ते बाहेरच्या कुंपणाच्या खांबालाही नको, मग ज्यावर पोरं बसतील, दूध सांडतील त्या बाकाला कशाला? तेलकट लाकडावर नंतर फेविकॉल धरत नाही, पॉलिश बसत नाही आणि झब्ब्याला डाग पडतो तो जात नाही. घरातल्या लाकडाला मी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स, एकास दीड या प्रमाणात गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात देतो, हातमोजे घालून. पावसात ते धुऊन जातं, त्यामुळे गच्चीवर उपयोग नाही. वाळवी येते जमिनीतून, म्हणून बाकाचे पाय ओल्या फरशीला टेकू न देणं हा अर्धा इलाज.

वरून जवसाचं तेल पातळ करून लावतो. तेल पुसलेल्या फडक्यांचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आपोआप तापतात आणि पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

मावशीचा पुढचा प्रश्न होता, मग पॅलेट नको तर काय? बाक, मांडणी, कुंड्यांचा स्टँड याला पॅलेट चालतं. पलंग किंवा जेवणाचं टेबल करायचं असेल तर मी जुनं सागवान शोधतो. रस्ता रुंदीकरणात शहराच्या जुन्या भागातली घरं पडली, त्यांच्या तुळया आणि चौकटी कबाड्यांकडे गेल्या. हे लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलं असतं आणि सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पॅलेटपेक्षा महाग पडतं, पण लाकूड कापायच्या आरा मशीनवर चिरून घेतलं की एका तुळईतून पलंगाचे चारही पाय निघतात. आधी चुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर मशीनवाला चिरून देत नाही आणि त्याचं बरोबरच असतं.

राहिला तो रविवार. माझ्या मागच्या बाकाला चार लागले. पहिला खिळे कापण्यात, दुसरा मापं आणि सांध्यांत, तिसरा घासण्यात. चौथ्या रविवारी तेल लावलं आणि बाक आठवडाभर सुकत ठेवलं. तोवर सगळे गच्चीवर सतरंजीवरच बसलो.