देवबागच्या सहलीबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या लातूरच्या सहलींच्या ऑफिसला इंटरनेटवर एकच तारा दिला आणि चार गोष्टी लिहिल्या. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद होती, खोलीतून समुद्र दिसला नाही, आईंच्या जेवणाची आबाळ झाली आणि लेकरांना समुद्रात उतरू दिलं नाही. पहिल्या तिन्हींत चूक माझी आहे. चौथीबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. ते नीट सांगायचं होतं, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

आधी होडीचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात किल्ल्याची होडी आणि तारकर्ली-देवबागचे पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी बंद होतात, ते सप्टेंबरात पुन्हा सुरू होतात. १ जूनपासून दोन महिने मासेमारीही बंद असते. मला हे ठाऊक होतं, धंदाच हा आहे. तुम्ही तारीख घ्यायला आलात तेव्हा दादा म्हणाले होते, ‘मशागत उरकली, मृगाला पेरणी, मधले आठ दिवसच मोकळे आहेत.’ मी मान डोलावली आणि बुकिंग करून टाकलं. आपल्याकडचा शेतकरी ज्या आठवड्यात मोकळा होतो, नेमका त्याच आठवड्यात तिकडे समुद्र बिघडायला लागतो. हे तेव्हाच सांगितलं असतं तर पैसे भरायचे की थांबायचं, हे तुम्ही ठरवलं असतं.

आईंना किल्ला का बघायचा होता, हे त्यांनी मला ऑफिसात बसून सांगितलं होतं, म्हणून ही चूक जास्त लागली. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी आलं तेव्हा आई आपल्या गल्लीत घागर घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘समुद्रात गोडं पाणी कसं लागलं, ते एकदा डोळ्यानं बघायचंय.’ तुमची गाडी त्याच मिरजेवरून गेली, मालवणच्या धक्क्यापर्यंत पोचली आणि आईंना लांबूनच तट बघून परतावं लागलं. त्याची भरपाई पैशात होत नाही, हे मला कळतं.

खोलीबद्दल. देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. तुमचं घर खाडीच्या अंगाला होतं, समुद्र तिथून तीन-चार मिनिटांवर. आमच्या कागदावर ‘समुद्राजवळ’ असं छापलेलं होतं आणि तुम्ही त्याचा अर्थ ‘खिडकीतून दिसणारा’ असा घेतला. तो कुणीही घेतला असता. आता कागदावर ‘खाडीकाठ’ किंवा ‘समुद्रासमोर’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

जेवणाचं तर मला बोलायलाही जड जातं. मी विचारलं होतं, ‘शाकाहारी की मांसाहारी?’ तुम्ही म्हणालात, ‘दोन्ही.’ आई माळकरी आहेत का, हे मी विचारलंच नाही. तिथल्या घरमालकांनी त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबार केलं, सोलकढी केली, पण चूल तीच आणि शेजारी मासे तळले जात होते. माळ घातलेल्या माणसाच्या घशाखाली तिथे घास कसा उतरणार? दोन दिवस त्या केळी आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर राहिल्या, हे तुमच्या लिहिण्यातूनच मला समजलं. आईंची मी हात जोडून माफी मागतो.

आता लेकरांचं. तुम्ही लिहिलंय की पाणी गुडघाभर होतं, समुद्र मागे गेलेला होता, दादा पट्टीचे पोहणारे, तरी घरमालक आडवे आले आणि सगळ्यांसमोर ओरडले. ओरडल्याबद्दल त्यांना वाईट वाटतंय, तसं ते फोनवर म्हणाले. अडवल्याबद्दल मात्र मी त्यांचे उपकार मानतो.

त्या दिवशी अमावास्या होती. किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पुनवेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज येतो. तुम्ही पाण्याशी गेलात साडेतीनला, म्हणजे ओहोटी ऐन जोरात असताना. अमावास्येला उधाण असतं, पाणी एरवीपेक्षा वर चढतं आणि तितकंच जास्त मागे ओढलं जातं. शिवाय तुम्ही नदी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ होतात. भरतीला खाडीत शिरलेलं सगळं पाणी त्या वेळी नदीच्या मुखातून बाहेर धावत असतं. वरून ते उथळ दिसतं आणि माणूस तिथेच फसतो. पायाखालची वाळू सरकते, लेकरू खाली बसतं आणि परतणारी लाट त्याला सोबत नेते.

दादांच्या पोहण्याबद्दल मला शंका नाही. मीही कमरेला डबा बांधून विहिरीतच शिकलो. पण विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, दम लागला की पायरी धरता येते. समुद्रात ओढ लागली की आपण जिवाच्या आकांतानं सरळ किनाऱ्याकडे हात मारतो आणि तिथल्या तिथे दमतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर पडायचं असतं आणि मगच किनाऱ्याकडे वळायचं. विहिरीत शिकलेल्या आपल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही. लेकरं दोन तास रुसली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा अडवा, असंच मी घरमालकांना सांगितलंय. भरतीचा हा हिशोब निघायच्या आधी मी तुमच्या हातात द्यायला हवा होता, तो दिला नाही. तेवढा दोष माझा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण ड्रायव्हरनं सांगितली. फोंडा घाटात आईंना उलट्या झाल्या. लातूर ते मालवण पाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि ते मी एका दिवसात बसवलं होतं. सत्तरीच्या माणसाला असं नेऊ नये.

होडी आणि पाण्यातल्या खेळांचे ४,६०० रुपये आणि खोलीच्या दरातला फरक मी काल तुमच्या खात्यावर पाठवला आहे. तारा तसाच राहू द्या, तो बदला असं मी म्हणणार नाही.

पण आईंना किल्ला दाखवायचा राहिलाय. कार्तिकी वारीची गर्दी ओसरली की मार्गशीर्षात जाऊ. पहिला मुक्काम पंढरपूरला, विठ्ठलाचं दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं आणि उजेडातच घाट उतरायचा. मालवणात तीन रात्री एकाच घरात राहायचं, रोज सामान बांधायचं नाही. चूल निव्वळ शाकाहारी असलेलं घर मी स्वतः जाऊन बघून येतो, ज्वारीचं पीठ आपण इथूनच सोबत देऊ. गाडीभाडं तेवढं तुमचं, आईंचा राहण्या-जेवणाचा आणि सगळ्यांचा होडीचा खर्च माझ्याकडे. तुम्ही तारीख कळवा. तिथी बघून किनाऱ्यावर कधी जायचं आणि कधी नाही, हे निघण्याआधी कागदावर लिहून देतो.