शेणावर पोसली जाणारी भाकड गाय

"भाकड गाय कधीच तोट्यात नसते. रोज 200 रुपयांचं शेण-गोमूत्र देते, विकू नका. कृत्रिम रेतनानं गायी उलटतात, गावचा वळू लावा. लिंगनिर्धारित वीर्य वापरलं तर शंभर टक्के कालवड!" हा मेसेज फिरत राहिला असता तरी माझं काही बिघडत नव्हतं. पण तो वाचून आमच्या मामांनी चार वेळा उलटलेल्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आलेल्या, संकरित गायीचं गिऱ्हाईक परत पाठवलं.

आधी शेणाचं बघू. 400 किलोच्या गायीला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे पाणी वगळून 10 किलो कोरडा चारा रोज लागतो. तो 20 किलो हिरवा आणि साडेसहा किलो कडबा मिळून भरतो. हिरवा 3 रुपये आणि कडबा 6 रुपये किलो धरला तरी 99 रुपये झाले. मजुरी वेगळी. ओलं शेण पडतं 10-15 किलो. 2 रुपये भाव धरा, फार तर 30 रुपये. मग उरलेले 170 गोमूत्राचे का? ते विकत न्यायला गोठ्यावर कोण येतं तेवढं सांगा. शिवाय तोच चारा दुभत्या गायीच्या पोटात गेला असता, ते नुकसान यात धरलेलंच नाही.

शेणावर गाय पोसत असती तर शेतकऱ्यानं जनावरं कमी केलीच नसती. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातला गोवंश 2012 च्या तुलनेत 10 टक्क्यांनी घटला. त्यात ट्रॅक्टरनं घालवलेले बैलही आहेत, मान्य. पण शेण बैलही देतोच की!

एक अर्धसत्य नाइलाजानं कबूल करतो: विकायची म्हटली तरी घेतो कोण? गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्यानं बंदी होतीच, 2015 मध्ये बैल-वळूही त्यात आले. म्हाताऱ्या जनावराला मोल उरलं नाही. म्हणून तर निर्णय लवकर हवा. गाय अंगानं धड आहे तोवरच दुसरा शेतकरी तिला विचारतो.

वळूचं म्हणाल तर गर्भ टिकू न देणारे काही आजार एका गायीकडून दुसरीकडे तोच पोचवतो. आणि लिंगनिर्धारित, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं, वीर्य काय वळू घालतो? तेही कृत्रिम रेतनच! त्यात कालवडीची शक्यता साधारण 90 टक्के, तीही गाय गाभण राहिली तर. साध्या कांडीपेक्षा (कांडी म्हणजे रेतनासाठीची वीर्याची नळी) गर्भ ठरण्याचं प्रमाण कमी, म्हणून लिंगनिर्धारित कांडी निरोगी, पहिलारू कालवडीला वापरतात. मामांच्या गायीची आधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासणी करा, मग कांडीचं बोला.