रॅम काढली म्हणून हिशोब उडत नाही

मार्चअखेर आली की सांगलीच्या मार्केट यार्डातले कॉम्प्युटर आमच्या दुकानात रांग लावतात. झाकण उघडलं की पंख्यावर हळदीचा पिवळा थर. यंदा त्यांच्याबरोबर व्हॉट्सॲपवरचा एक मेसेजही आला: ‘मेमरी चिप बिघडली? दुकानदाराला पैसे देऊ नका!’ खाली सहा मुद्दे आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. एका अडतीचे दिवाणजी मशीन टेबलावर ठेवतानाच म्हणाले, “रॅमला हात लावायचा नाय हां. वर्षाचा हिशोब हाय त्यात.”

मेसेजचा पहिला मुद्दा हाच: ‘रॅम काढली की साठवलेला डेटा उडतो.’ रॅम म्हणजे काम चालू असेपर्यंतची मेमरी, तिच्यात काही कायमचं साठवलेलं नसतंच. तिथला एकेक बिट (० किंवा १) म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला, वीज धरून ठेवणाऱ्या कप्प्यातला, विद्युतभार, आणि तो सारखा गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत बिटांची प्रत्येक ओळ पुन्हा भरून घ्यावी लागते. वीज गेली की खेळ संपला. सौद्याला मुठीत घेतलेली हळकुंडं म्हणजे रॅम आणि गोदामातली पोती म्हणजे हार्डडिस्क. मूठ सोडली म्हणून गोदाम रिकामं होत नाही. एवढंच बघायचं, की मशीन स्लीपमध्ये नसावं, नाहीतर सेव्ह न केलेली नोंद जाते. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून शटडाउन करायचं, वायर काढायची, मग हात घालायचा. (रॅम गारठवली तर भार काही मिनिटं टिकतो, हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं. पण ते कुलूपबंद डिस्कच्या गुप्त किल्ल्या चोरता येतात हे सिद्ध करायला. अडतीच्या हिशोबाशी त्याचा संबंध नाही.)

दुसरा मुद्दा वाचून मात्र मला राग आला: ‘खराब रॅमनं मशीन फक्त हँग होतं, डेटाला धक्का लागत नाही. चालेल तितकं चालवा.’ नेमकं उलट आहे. डिस्कवर जाणारी जवळपास प्रत्येक गोष्ट आधी रॅममधून जाते. तिथं एक बिट उलटला की चूकच डिस्कवर लिहिली जाते, आणि कॉम्प्युटर हूं का चूं करत नाही. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये १ हा अंक ००११०००१ असा लिहिला जातो आणि ५ हा ००११०१०१ असा. फरक एका बिटाचा. बारा हजारांचे बावन्न हजार व्हायला एवढं पुरतं.

दिवाणजींनी मेसेज प्रमाण मानून तेच मशीन आठ दिवस रेटलं होतं. मी मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, लावला. दहा मिनिटांत चुकांच्या लाल ओळी यायला लागल्या. दर फेरीला रॅममधला पत्ता तोच, बिटही तोच. हिशोबाची फाइल उघडेना. “बॅकप हाय की,” म्हणून त्यांनी पेनड्राइव्ह काढला. रोज संध्याकाळी नेमानं घेतलेला बॅकप, पण त्याच रॅममधून गेलेला. पाठचे आठही खराब. नववा उघडला. रॅम बदलायला मला पाच मिनिटं लागली. आठ दिवसांच्या हिशोबपट्ट्या पुन्हा भरायला त्यांना दोन रात्री.

मोठ्या सर्व्हरची गोष्ट वेगळी. तिथं दर ६४ बिटांमागे ८ बिट जादा असतात. एक बिट चुकला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळतं. एखादी जागा वारंवार चुकायला लागली की तिथला डेटा दुसरीकडं हलवून ती जागा वापरातून काढता येते. डीडीआर-४ या पिढीच्या रॅम चिपमध्ये तर खराब ओळीच्या बदली लावायला राखीव ओळी ठेवलेल्या असतात. आपल्या दुकानातल्या मशीनमध्ये यातलं बहुधा काही वापरात नसतं, म्हणून शंका आली की आधी बंद करायचं.

मेसेजचा तिसरा मुद्दा: ‘रॅमच्या पट्ट्या खोडरबरनं घासा.’ हे अर्धं खरं. मळानं संपर्क तुटला असेल तर चालतं, मीही करतो; स्लॉटमधली हळद फुंकून काढायला विसरू नका. पण आतला बिटच मेला असेल तर पट्टी आरशासारखी चकाकली तरी उपयोग नाही.

‘पेनड्राइव्हनं फॉरमॅट मागितलं तर करून टाका, सॉफ्टवेअर सगळं परत आणतं.’ करू नका. आजारी पेनड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही. आधी दुसऱ्या डिस्कवर त्याची बिटन्‌बिट नक्कल घ्यायची आणि जी काही खटपट ती नकलेवर. एसएसडीचं, म्हणजे चिपवाल्या डिस्कचं, तर आणखी अवघड. फॉरमॅट करताना ‘हे कप्पे रिकामे’ असा निरोप आतल्या कंट्रोलरला, म्हणजे डेटा कुठं ठेवायचा ते ठरवणाऱ्या चिपला, जातो आणि तो ते खरोखरच पुसून मोकळा होतो.

‘हॉट गननं चिप काढून दुसऱ्या बोर्डावर बसवा, डेटा जसाच्या तसा.’ पेनड्राइव्ह-मोबाइलमधल्या फ्लॅश चिपमध्ये वीज नसतानाही भार टिकतो हे खरं, पण उष्णतेनं तो गळायला मदतच होते. शिवाय कंट्रोलर डेटा विस्कटून, जागा बदलत ठेवतो. कुठलं पोतं कुठं, हे त्यालाच ठाऊक. आणि हल्लीच्या मोबाइलमध्ये डेटा कुलूपबंद असतो, त्याची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली. चिप एकटी काढली तर हातात नुसता कचरा येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गाळानं भरलेले कितीतरी फोन आमच्याकडं आले. जे वाचले ते बोर्ड अल्कोहोलनं धुऊन, शॉर्ट शोधून, मूळ बोर्डच तासभर चालू करून. फोटो उतरवून घेतले, मग फोन मेला तरी चालेल. मेसेजमध्ये फोन तांदळात ठेवा असंही आहे. तांदूळ भातालाच राहू द्या.

दिवाणजींनी जाताना जुनी रॅम मागून घेतली. “ह्यात काय नाय म्हणता?”

“काही नाही.”

“बरं,” म्हणाले, रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.