आतलाच ब्रेक पॅड झिजतो म्हणजे पॅड डुप्लिकेट? माझ्याच मेसेजचा खुलासा

गेल्या दिवाळीत मी टाकलेला मेसेज अजून फिरतोय: ‘एका चाकाचा आतला पॅड संपला आणि बाहेरचा शाबूत असेल, तर पॅड डुप्लिकेट. ओरिजिनल टाका.’ हे चुकीचं होतं. ओरिजिनल टाकूनही माझा तोच पॅड पुन्हा पत्र्याला टेकला.

मग कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) उघडून बघितला. बहुतेक छोट्या गाड्यांत पिस्टन (ब्रेक मारल्यावर पॅड ढकलणारा दट्ट्या) फक्त आतल्या बाजूला असतो. बाहेरचा पॅड दाबायला अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकावा लागतो. माझ्या खालच्या पिनेचं रबर फाटलेलं, आत पाणी जाऊन पिन गंजलेली, म्हणून कॅलिपर सरकत नव्हता आणि आतलाच पॅड झिजत होता. हातोडीने ठोकून काढली! पिना मोकळ्या असतील तर पिस्टन मागे सरकतो का ते बघा. तो अडकला तरी आतलाच पॅड जातो. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला, तरी आधी पिनाच तपासा. साधं ग्रीस मात्र लावू नका, रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मिळतं. हलक्या प्रतीचे पॅड लवकर झिजतात हे खरं, पण सहसा दोन्ही सारखेच.

जुना मेसेज आला तर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना आधी पाठवलात, त्यांना हा पाठवा.